नळीचे माप आणि कचेरीचा शेरा

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय किंवा घाटाखाली काय, पीक डोळ्यांत भरू लागले की शेतकऱ्याची झोप उडते. कारण रोह्यांच्या कळपाला किंवा रानडुकरांना मक्याचे उभे वावर एका रात्रीत लोळवण्यास कोणाच्या परवानगीची गरज लागत नाही, आणि शेतकऱ्याला मात्र त्यांच्यावर बंदूक रोखण्यापूर्वी बंदुकीचा परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कचेरीतून व शिकारीची अनुज्ञा वनखात्याकडून मिळवावी लागते. शस्त्र अधिनियम, 1959 च्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, हे खरे; परंतु जागलीवर बसलेल्या माणसाची निकड आणि दप्तरातील अर्जाची गती यांचा मेळ क्वचितच बसतो, आणि मग कोणी गावठी हत्याराच्या मागे लागतो. सातपुड्याच्या पायथ्याशी अशी हत्यारे जप्त झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, पंचनामे होतात, मुद्देमाल जमा होतो. परंतु ते हत्यार ज्याच्या हाती होते त्याच्याच जिवाला त्यापासून केवढे भय होते, याची चर्चा कोठेही होत नाही.

ते भय नेमके कोठे वसते? काडतूस नळीच्या मागील घरात बसल्यावर त्याचा तळ आणि त्यामागचा बोल्ट यांचे नाते ज्या अंतरावर अवलंबून असते, त्याला बंदूकशास्त्रात हेडस्पेस म्हणतात. बार उडताना रायफलीच्या काडतुसात दर चौरस इंचास 40,000 पौंडांहून अधिक दाब निर्माण होतो. त्या दाबाने पितळेची पातळ भिंत घराला घट्ट चिकटते आणि जाड तळ मागे रेटला जातो. मागे बोल्टचा आधार वेळीच मिळाला तर ठीक. अंतर वाजवीहून अधिक असेल तर पितळ ताणले जाऊन तळाच्या किंचित पुढे फाटते, आणि तप्त वायू नळीतून पुढे जाण्याऐवजी नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे येतो. ज्या थ्री-नॉट-थ्री रायफलीवर आपल्या पोलिसांच्या कित्येक पिढ्या पोसल्या, तिच्यात हे अंतर 0.064 ते 0.074 इंच इतकेच चालते. म्हणजे निर्धास्तपणा आणि अपघात यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर आहे.

हे पाव मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही आणि बोटालाही कळत नाही. त्यासाठी कठीण पोलादाची, घासून नेमकी केलेली मापके लागतात: एकावर बोल्ट अलगद बंद झाला पाहिजे आणि दुसऱ्यावर तो बंद होता कामा नये. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत स्वतःपुरती रायफल घरी जोडणे कायदेशीर असल्याने तेथील हौशी मनुष्य ही मापके उघडपणे विकत घेतो. परंतु मापाने आज उत्तीर्ण झालेली रायफल उद्याही उत्तीर्ण होईल, अशी हमी त्यालाही देता येत नाही, कारण पोलाद मऊ असेल तर बोल्टचे खुंट प्रत्येक बाराबरोबर दबत जातात आणि अंतर वाढत जाते. म्हणूनच लंडनमध्ये सतराव्या शतकापासून आणि बर्मिंगहॅममध्ये 1813 पासून बंदुकांची रीतसर परीक्षा घेण्याची संस्था उभी आहे; तेथे नेहमीपेक्षा जबर बार उडवून, त्यानंतर हत्यार पुन्हा तपासून मगच त्यावर मोहोर उठते. पाण्याच्या नळाचा तुकडा कापून बंदूक करणाऱ्या कारागिराजवळ ना ते पोलाद असते, ना ते मापक, ना ती मोहोर. (ठासणीच्या बंदुकीला काडतूसच नसल्याने हा प्रश्न तिला लागू पडत नाही, तिचे शत्रू दोन, गंज आणि दारूचा अतिरेक.)

कायद्याने ही गोष्ट पुरती ओळखली आहे. त्याच अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये बंदूक बनविणे किंवा विकणेच नव्हे, तर ती दुरुस्त करणे आणि तिची चाचणी घेणे हेदेखील परवान्यावाचून निषिद्ध आहे. तेव्हा घरी केलेल्या रायफलीची तपासणी घरीच कशी करावी, या प्रश्नाला आपल्या देशात एकच प्रामाणिक उत्तर संभवते: ती करू नये, आणि ती रायफलही करू नये.

परंतु माझी तक्रार एवढ्यावर संपत नाही. ज्यांच्या बंदुका रीतसर आहेत, आजोबांकडून नातवाकडे वारसाने आलेल्या आहेत, त्यांचे तरी काय? नूतनीकरणाच्या वेळी क्रमांक परवान्याशी ताडून पाहिला जातो, शेरा मारला जातो. दुनळीचा सांधा ढिला झाला आहे का, रायफलीचा बोल्ट झिजला आहे का, हे कोणी मापून पाहिल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. कागद निर्दोष असला की हत्यारही निर्दोष असते, अशी आपल्या कचेऱ्यांची श्रद्धा दिसते.

यावर उपाय आहे आणि तो खर्चाचा नाही. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांची अनेक हत्यारे ठाण्यात जमा होतात आणि काही आठवडे तेथेच पडून राहतात. जिल्हा पोलिसांच्या शस्त्रागारात हत्यारांची देखभाल करणारे जाणकार अंमलदार असतात. त्या अवधीत त्यांनी ही हत्यारे योग्य मापकाने तपासावीत, निकाल लेखी द्यावा, आणि जे सदोष ठरेल ते दुरुस्तीवाचून परत करू नये. पीकसंरक्षणाचे अर्ज निकाली काढण्यासही एक निश्चित मुदत ठरवून द्यावी, म्हणजे गावठी हत्याराची वाट धरण्याचे निमित्त तरी उरणार नाही. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांनी येत्या निवडणुकीपूर्वी एवढा हुकूम काढावा, अशी माझी विनंती आहे.