धूसर न केलेला भूतकाळ

मायकल मानचा २००९ चा ‘पब्लिक एनिमीज’ पाहून बरेच जण वैतागले. कथा १९३३-३४ च्या बँक-लुटारू डिलिंजरची आणि चित्र मात्र टीव्हीवरच्या बातम्यांसारखं! मला तर तोच त्याचा मोठेपणा वाटतो. जुन्या काळातला गुन्हेगारीपट म्हटलं की तपकिरी-सोनेरी झाक हवीच, ही सवय आपल्याला ‘गॉडफादर’ने लावली. छायालेखक दान्ते स्पिनोत्ती यांनी डिजिटल कॅमेरा घेऊन ती मोडली. विस्कॉन्सिनमधल्या ‘लिटल बोहेमिया’ लॉजवरची रात्रीची चकमक बघा. चित्रीकरणही त्याच खऱ्या लॉजवर झालंय. अंधारात झाडांची खोडं सुटी दिसतात, बंदुकीच्या तोंडाशी पांढराफेक जाळ उसळतो. कॅमेरा झटकन वळला की चित्र फरफटतं, ते खटकतं, हे मान्य. पण डिलिंजरसाठी ती रात्र इतिहास नव्हती, पुढं काय होणार हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ही घालमेल फिल्मच्या मऊ दाण्यांतून इतकी थेट पोचली नसती. शेवटाकडे शिकागोच्या बायोग्राफ थिएटरात तो क्लार्क गेबलचा ‘मॅनहॅटन मेलोड्रामा’ पाहतो. पडद्यावर कृष्णधवल फिल्म, पाहणारा चेहरा डिजिटल. दोन्ही माध्यमं अशी समोरासमोर बसवणं मला फार भावतं.