कांचेच्या पेटींतील शेजार

कांचेच्या पेटींत खारें पाणी भरून त्यांत समुद्रांतील रंगीबेरंगी मासे पाळण्याची हौस आतां समुद्रकांठच्या शहरांपुरती राहिलेली नाहीं. हातांतील भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अशा पेट्यांचीं चित्रें रोज दिसूं लागल्यामुळें टेंभुर्णीसारख्या, समुद्रापासून दोनशें किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या गांवच्या मुलांनाही तिचा मोह पडावा, हें स्वाभाविकच आहे. या हौसेस आमचा विरोध नाहीं. जिवंत प्राण्यांच्या सहवासांत मुलांची निरीक्षणशक्ति वाढते व जबाबदारीची जाणीव अंगीं येते, असेंच आम्ही मानतों. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ही पेटी भरतांना बहुतेक लोक रंग पाहून मासे निवडतात आणि तेथेंच अनर्थास आरंभ होतो. मासे निवडणें म्हणजे रंग निवडणें नव्हे. तें शेजार निवडणें होय.

आपल्या प्राचीन राजनीतिकारांनीं 'मत्स्यन्याय' हा शब्द योजिला आहे. मोठा मासा लहान माशास गिळतो, त्याप्रमाणें राजदंड नसला म्हणजे बलवान् मनुष्य दुर्बळास गिळतो, असा त्याचा आशय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तो आला आहे. कोणी म्हणेल कीं, समुद्रांत हाच न्याय चालतो, मग पेटींत चालला तर बिघडलें काय? याचें उत्तर सोपें आहे. समुद्रांत दुर्बळाला पळावयास वाट असते, दडावयास कपार असते. पेटींत चारी बाजूंस कांच असते. तेथें कोणाजवळ कोणीं राहावें हें निसर्गानें नव्हे, पेटीच्या धन्यानें ठरविलेलें असतें. म्हणून तेथें एका माशानें दुसऱ्यास मारिलें तर दोष माशाचा नव्हे, त्यांस एकत्र ठेवणाराचा होय.

माशांचा विचार करण्याआधीं पाण्याचा विचार केला पाहिजे. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरांच्या पेटीस साडेतीन किलो समुद्री क्षारांचें मिश्रण लागतें. स्वयंपाकाचें मीठ येथें चालत नाहीं. आमच्या भागांतील विंधनविहिरींचें पाणी जड असतें, तेव्हां तें यंत्रानें शुद्ध करून घ्यावें लागतें. उन्हाळ्यांत पाणी झपाट्यानें आटतें. परंतु आटतें तें पाणी, क्षार नव्हे. म्हणून तूट भरावयाची ती गोड्या पाण्यानें. ज्या जीवांस २५-२६ अंश उष्णतेची संवय, त्यांस सोलापूर जिल्ह्याचा चाळीस अंशांवरील वैशाख सोसवावयाचा आहे, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. पाणी तापलें कीं त्यांतील प्राणवायु कमी होतो. त्यांतच वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर गर्दी असलेल्या पेटींतील मासे आधीं गुदमरतात. मोजके मासे असलेली पेटी तग धरते. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण येथें शब्दशः खरी आहे.

शिवाय पेटींतील पहिले रहिवासी मासे नव्हेत. माशांच्या मलमूत्रांतून व उरलेल्या अन्नांतून अमोनिया हा विषारी पदार्थ निर्माण होतो. सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइटमध्यें व नंतर पुष्कळच कमी घातक अशा नायट्रेटमध्यें रूपांतर करतात. हे जंतु खडकांवर व वाळूंत वस्तीस येण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या अवधींत पेटी माशांवांचून ठेवावी. ज्यास इतका धीर नाहीं त्यानें या छंदाच्या वाटेस जाऊं नये, असें आम्ही स्पष्टपणें सांगतों.

हें तत्त्व नवें नाहीं. लंडन येथील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानें गोड्या पाण्याच्या पात्रांत दोन लहान मासे व पाणवनस्पति ठेविली होती. कांहीं काळानें वनस्पतीचीं पानें कुजूं लागलीं व पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें त्यांत पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाऊन टाकलीं आणि पाणी पुन्हां निवळलें. मासा, वनस्पति व गोगलगाय या तिघांची एकमेकांस गरज होती. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. परंतु सुसंगत पेटीचें मर्म त्या साध्या गोगलगायींनीं आधींच सांगून ठेविलें होतें.

आतां निवडीचा विचार करूं. कोणताही प्राणी घरीं आणण्यापूर्वीं त्याच्याविषयीं चार प्रश्न विचारावे, असें आमचें मत आहे.

पहिला प्रश्न : हा काय खातो? सिंहमासा दिसावयास राजबिंडा. पण त्याच्या तोंडांत मावेल तो प्रत्येक मासा व प्रत्येक कोळंबी त्याचें भक्ष्य असतें, आणि त्याचे कांटे विषारी असतात. ट्रिगर मासा खेकडे, शंख व समुद्री साळू यांचीं कवचें दांतांनीं फोडून खातो. फुलपांखरू-मासे म्हणून जे सुंदर मासे विकले जातात, त्यांतील अनेक जाती प्रवाळाच्या जिवंत किड्यांवरच जगतात. याच्या उलट मँडरिन नांवाचा चिमुकला मासा कोणास त्रास देत नाहीं. परंतु तो जवळजवळ केवळ जिवंत सूक्ष्म कवचधारी प्राणी खातो. नव्या पेटींत ते पुरेसे नसल्यामुळें तो भरल्या घरांत उपाशी मरतो.

दुसरा प्रश्न : हा केवढा होईल? निळा सर्जन मासा दुकानांत बोटाएवढा असतो. पूर्ण वाढल्यावर तो सुमारें ३० सेंटिमीटरांचा होतो. त्यास लांब पल्ल्याचें पोहणें हवें असतें. दोन हात लांबीच्या पेटींत त्यास ठेवणें म्हणजे घोड्यास न्हाणीघरांत बांधण्यासारखें आहे.

तिसरा प्रश्न : याचा स्वभाव कसा? निळे डॅमसेल मासे स्वस्त व काटक, म्हणून नवशिका त्यांसच प्रथम घेतो. परंतु डॅमसेल एकदां एक कपार आपली म्हणूं लागला म्हणजे मागाहून येणाऱ्या प्रत्येकावर धांवून जातो. यास्तव शांत स्वभावाच्या प्राण्यांस आधीं जागा द्यावी. तापट माशास आणावयाचाच असेल तर तो सर्वांच्या शेवटीं.

चौथा प्रश्न लोकांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं : हा आजारी पडला तर औषध कोणतें? समुद्री माशांच्या अंगावर पांढरे ठिपके पाडणाऱ्या परोपजीवी रोगावर तांब्याचें औषध चालतें. परंतु तेंच तांबें कोळंबी, खेकडे, शंख व प्रवाळ यांस विषासमान असतें. एका रहिवाशाचें औषध तें दुसऱ्याचें मरण! म्हणून नवा मासा निदान चार आठवडे निराळ्या पात्रांत ठेवून मगच मुख्य पेटींत सोडावा, व औषधोपचारही त्या निराळ्या पात्रांतच करावा.

इतका वेळ आम्ही वैराच्या गोष्टी सांगितल्या. पण निसर्गांत मैत्रीही आहे, आणि ती पाहण्यासाठींच पेटी ठेवावी. एक जातीची कोळंबी वाळूंत बीळ खणते. तिची दृष्टि मंद असते. गोबी जातीचा लहान मासा त्याच बिळाच्या तोंडाशीं पहारा करितो. कोळंबी बाहेर येतांना आपली मिशी त्याच्या अंगास लावून ठेवते. संकट दिसतांच तो शेपटी हलवितो आणि दोघेही आंत शिरतात. एकाचे हात, दुसऱ्याचे डोळे. सफाई करणारी लाल-पांढरी कोळंबी तर माशांच्या अंगावरील मृत त्वचा व किडे वेंचून खाते. तिच्यापुढें मासे स्वस्थ उभे राहतात. अर्थात् हा सलोखा जातिजातींवर अवलंबून आहे. सिंहमाशाच्या पेटींत तिचा भरंवसा देतां येत नाहीं.

विदूषक मासा व समुद्रपुष्प यांची जोडी २००३ सालच्या एका चित्रपटामुळें मुलांस ठाऊक झाली आहे. तरी त्यांतील एक गोष्ट पालकांनीं जाणावी : समुद्रपुष्पास प्रखर प्रकाश व स्थिरावलेलें पाणी लागतें, तें जागा बदलतें आणि वाटेंतील इतर माशांस दंश करतें. विदूषक मासा मात्र त्याच्यावांचून पेटींत सुखानें राहतो. हे मासे सर्व नर म्हणून जन्मतात, व त्यांतील सर्वांत बलवान् तो पुढें मादी होतो. त्यामुळें एकाच जातीचीं दोन लहान पिलें एकत्र वाढविलीं तर बहुधा जोडी जमते. दुसऱ्या जातीचे विदूषक मासे मात्र त्यांच्या सोबत ठेवूं नयेत.

तेव्हां २०० लिटरांच्या पेटीसाठीं आमची शिफारस साधी आहे : विदूषक माशांची एक जोडी, एक गोबी व त्याची सोबतीण कोळंबी, शेवाळ खाणारे थोडे शंख, आणि दोनचार संन्यासी खेकडे. हे खेकडे दुसऱ्याच्या शंखांत राहतात. वाढत्या अंगास मोठें घर न मिळाल्यास ते जिवंत शंखावर हल्ला करतात, म्हणून रिकामे शंख पेटींत ठेवावे. एवढें कुटुंब पुरे. 'एक ना धड भाराभर चिंध्या' अशी गत करून घेऊं नये.

हे प्राणी आणावे कोठून, हाही नीतीचा प्रश्न आहे. मंडपम् येथील केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन केंद्रानें विदूषक माशांची कृत्रिम पैदास साधली आहे. तेव्हां पैदाशीचे मासे मिळत असतां समुद्रांतून पकडलेले घेणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. पैदाशीचा मासा पेटीच्या जीवनास जन्मापासून सरावलेला असतो, आणि खडकांतील एक घरही ओस पडत नाहीं. प्रवाळ, समुद्रघोडे व समुद्रकाकड्या यांस तर २००१ सालापासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. ते बाळगणें गुन्हा होय. आपल्याच मालवणच्या समुद्रांत, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांत, प्रवाळ आहेत. तो भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सहलीस गेलेल्या विद्यार्थ्यानें तेथील तुकडाही खिशांत घालूं नये.

विसंगत शेजाराचें सर्वांत मोठें उदाहरण मात्र आमच्या गांवाजवळच आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झालें. त्याच्या जलाशयांतील 'चिलापी' कोणास ठाऊक नाहीं? हा मूळचा आफ्रिकेचा मासा १९५२ सालीं आपल्या देशांत आणला गेला. मादी अंडीं व पिलें तोंडांत सांभाळते, वीण वारंवार होते, आणि हा मासा मिळेल तें खातो. आज उजनीच्या मासळींत चिलापीचाच वाटा मोठा आहे. तीवर कित्येक कोळी बांधवांचें पोट भरतें हें खरें. पण तिच्या गर्दींत भीमेच्या मूळच्या माशांची जागा आकुंचित झाली, हेंही तितकेंच खरें. अलीकडे त्याच जाळ्यांत 'सकर' मासा सांपडूं लागला आहे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि कांचेवरील शेवाळ खातो म्हणून शोभेच्या पेट्यांसाठीं विकला जाणारा. पेटी साफ ठेवावी म्हणून आणलेला प्राणी नदीस जड झाला! समुद्रांतही हेंच घडलें आहे. हिंदी व प्रशांत महासागरांतील सिंहमासा १९८५ सालीं फ्लॉरिडाजवळ प्रथम आढळला. तो हौशी लोकांच्या पेट्यांतूनच तेथें गेला असें मानलें जातें, आणि आज अटलांटिकाच्या पश्चिम किनाऱ्यावरील लहान माशांस तो काळ झाला आहे. म्हणून पेटींतील कोणताही जीव, गोड्या पाण्याचा असो वा खाऱ्या, ओढ्यांत, विहिरींत किंवा धरणांत सोडूं नये. नकोसा झाला तर विक्रेत्यास किंवा दुसऱ्या जाणत्या हौशी माणसास द्यावा.

खाऱ्या पाण्याच्या पेटीस पैसा, वीज व रोजची देखरेख लागते. प्रत्येक घरास तें झेपेल असें नाहीं, आणि न झेपणें यांत कमीपणा मुळींच नाहीं. गोड्या पाण्याची लहान पेटीही हेच धडे देते. १९५१ सालीं मुंबईस उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयानें कित्येक पिढ्यांस समुद्राचें पहिलें दर्शन घडविलें. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचें मत्स्यालयही विद्यार्थ्यांनीं पाहण्यासारखें आहे.

पालकांस आमची सूचना अशी : मुलानें हट्ट धरिला तर लगेच नकार देऊं नये व लगेच मासाही आणूं नये. त्यास वरील चार प्रश्नांचीं उत्तरें प्रत्येक प्राण्याबद्दल वहींत लिहून आणावयास सांगावें, आणि सहा आठवडे नुसत्या पाण्याची देखभाल करावयास लावावें. तेवढ्यांत हौस मावळली तर एकाही जीवाचा बळी गेला नाहीं असें समजावें. टिकली तर मुलगा किंवा मुलगी पेटीस पात्र झाली असें समजावें. आणि विद्यार्थी मित्रहो, दुकानदारापुढें उभे राहाल तेव्हां 'हा किती सुंदर आहे' असें म्हणण्याआधीं 'हा कोणाजवळ सुखानें राहील' असें विचारा. ज्याचें उत्तर मिळणार नाहीं, तो मासा तेथेंच राहूं द्या.