विश्लेषण : 'ए'समोर 'टी', 'जी'समोर 'सी'; 'नीट'मधल्या या नियमावर त्रिमितीय रचना कशा उभ्या राहतात?

एखाद्या डीएनएमध्ये ॲडेनिन ३० टक्के असेल, तर सायटोसिन किती? लातूर-नांदेडच्या क्लासमधली मुलं कागद न घेता सांगतील : २० टक्के. 'नीट'च्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असल्यामुळे 'लातूर पॅटर्न'मध्ये 'ए-टी, जी-सी'ची जोडी कुणाच्या तावडीतून सुटत नाही. मात्र याच जोडीवर गेली चार दशकं एक वेगळं बांधकाम सुरू आहे, आणि ते नोट्समध्ये सहसा नसतं.

या बांधकामात आनुवंशिकतेचा काही संबंध नाही. डीएनए इथे नुसतं साहित्य आहे, विटा-वाळूसारखं. अमेरिकी शास्त्रज्ञ नेड सीमन यांनी १९८२ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत डीएनएचा घन तयार झाला. खरी गती आली ती २००६ मध्ये, पॉल रॉथमुंड यांच्या 'डीएनए ओरिगामी'मुळे.

ही पद्धत गोधडी शिवण्यासारखी आहे. एका विषाणूचा सुमारे सात हजार अक्षरांचा एकेरी धागा घ्यायचा आणि त्याला दोनशेहून अधिक छोट्या धाग्यांनी जागोजागी टाके घालायचे. फरक इतकाच, की इथे सुई धरणारं कुणी नसतं. प्रत्येक छोट्या धाग्याची अक्षरं अशी निवडलेली असतात, की त्याचं एक टोक लांब धाग्याच्या एका जागी चिकटतं आणि दुसरं लांबच्या दुसऱ्या जागी. मिश्रण तापवून हळूहळू थंड केलं, की आकार आपोआप जुळतो. त्यासाठी कोविडच्या काळात सर्वांना माहीत झालेलं पीसीआर यंत्रही चालतं.

सपाट आकारावरून त्रिमितीय आकाराकडे जाताना हिशेब अवघड होतो. पाठ्यपुस्तकात डीएनएच्या एका वेढ्यात साधारण १० जोड्या सांगितल्या जातात. रचना करणारे बहुतेकदा १०.५ धरतात. अर्ध्या जोडीने काय बिघडतं? परीक्षेत काहीच नाही. पण शेजारी-शेजारी बांधलेल्या कांड्यांमध्ये ही चूक साठत जाते आणि अख्खी रचना पिळली जाते. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी हाच पीळ मुद्दाम वापरून वाकड्या, गोलाकार रचना केल्या. २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या ओलेग गांग यांच्या गटाने उलटी वाट दाखवली : आधी हवी ती त्रिमितीय मांडणी ठरवायची, मग अष्टफलकी डीएनए-ठोकळ्यांना कोणते 'पत्ते' द्यायचे हे अल्गोरिदमने शोधायचं.

भारतात हे काम नवं नाही. २००९ मध्येच बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये यमुना कृष्णन आणि धीरज भाटिया यांच्या गटाने वीस पृष्ठांची डीएनए-कुपी जुळवून तिच्यात सोन्याचे नॅनोकण कोंडले होते. भाटिया आता आयआयटी गांधीनगरमध्ये आहेत.

'शरीरात डीएनए रोबो सोडले' अशा धाटणीचे फॉरवर्ड फिरतात, त्यांच्याबद्दल एवढंच : २०१८ मध्ये उंदरांमधल्या गाठींचा रक्तपुरवठा तोडणारी अशी रचना प्रसिद्ध झाली, पण डीएनए ओरिगामीवर आधारलेलं एकही औषध अजून बाजारात नाही. रक्तातली विकरं डीएनए तोडतात, हा साधा अडथळाही पुरता सुटलेला नाही.

मग लातूर-नांदेडला यात जागा कुठे? रचना आखण्याचं 'कॅडनॅनो' हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. छोटे धागे कंपन्यांकडून ऑर्डर देऊन मागवता येतात. महाग पडतं ते तयार झालेला आकार पाहणं, कारण त्याला इलेक्ट्रॉन किंवा अणुबल सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणजे कामाचा पहिला, डोकं लावायचा टप्पा इथल्या बीएस्सीच्या वर्गातही होऊ शकतो. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं लातूरला उपकेंद्रही आहे. अडचण वेगळीच आहे : 'नीट'मध्ये नंबर न लागलेली हुशार मुलं बीएस्सीला आली, तरी पुष्कळदा मन पुढच्या 'रिपीट'मध्येच असतं, आणि १० की १०.५ हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसतो.