कुर्डुवाडी की सोलापूर?

माढ्याहून रेल्वेने वायव्येला कुर्डुवाडी, आग्नेयेला सोलापूर. आता कोडमध्ये दिशा काढा: उत्तर-दक्षिण अंतराला पूर्व-पश्चिम अंतराने भागा आणि 'एटॅन' लावा. दोन्ही गावांसाठी भागाकार ऋणच येतो, म्हणून एटॅन दोन्ही वेळा आग्नेयच दाखवतो! कुर्डुवाडीचा पाहुणा निघाला मोहोळच्या वाटेला. 'एटॅन२' दोन्ही अंतरं चिन्हांसकट वेगळी मागतो, म्हणून त्याला खरी दिशा सापडते.

धन संख्येला दोन वर्गमुळं असतात, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच 'बीजगणिता'त सांगितलं. कॉम्प्युटर ९ चं वर्गमूळ फक्त ३ देतो. चालेल, तो संकेत सगळ्यांना ठाऊक आहे. पण −८ चा १/३ घात विचारा. पायथॉन ३ संमिश्र संख्या देतो, जावास्क्रिप्ट 'नॅन' म्हणून हात झटकतो. शाळेतलं −२ हवं तर 'सीबीआरटी' हे वेगळं फंक्शन शोधा.

मग सगळीच उत्तरं द्यावीत का? नको बाबा, संमिश्र संख्यांच्या लॉगला ती अनंत असतात. भाषेने एकच द्यावं, पण कुठलं निवडलं ते फंक्शनच्या नावातच दिसावं. नाहीतर एटॅन२ सारखी हवी ती माहिती आधीच मागून घ्यावी. पुढच्या प्रॅक्टिकलला −८ टाकून बघाच, आणि सरांना विचारा.