खाटेपासून बटणापर्यंत

हातातले बटण दाबून घरातला दिवा लावायचा किंवा मालवायचा, ही सोय शहरातल्या दुकानांत चैनीच्या कप्प्यात मांडलेली असते. पलंगावरून उठायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी, अशीच तिची जाहिरात होते. गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा परिसरात, सालेकसा तालुक्याच्या त्या जंगल-डोंगराच्या पट्ट्यात, हीच वस्तू औषधाच्या पेटीशेजारी ठेवण्याजोगी आहे. तिथे प्रश्न कंटाळ्याचा नाही. रात्री दोन वाजता जाग आलेल्या माणसाची खाट आणि दिव्याचे बटण यांच्यामध्ये अंधाराची जी पाच-सात पावले असतात, त्यांचा आहे.

हे अंतर आपोआप पडलेले नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत वीज नसलेल्या घराला जोडणी देताना मीटर, एका दिव्यापुरते वायरिंग, एक एलईडी दिवा आणि मोबाईल चार्ज करण्याची सोय एवढे धरलेले होते. योजना चांगलीच होती, त्यात वाद नाही. पण एका दिव्याचे वायरिंग करताना बोर्ड बसतो तो दाराशी, मीटरच्या जवळ. वायर कमी लागते. ज्यांनी स्वतःच्या पैशाने वायरिंग करून घेतले त्यांच्याकडेही चित्र फारसे वेगळे नसते. वीज घरात आली का, याची मोजदाद झाली. ती अंथरुणावरून लावता येते का, हा रकाना कोणत्याच तक्त्यात नव्हता.

हा धानाचा मुलूख. रोवणीच्या दिवसांत बांध्यांत पाणी, कापणीनंतर घरात धान. धानामागे उंदीर आणि उंदरामागे साप. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. त्यांत मण्यारीची रीत वेगळी. दिवसा ती सहसा दिसत नाही. रात्री उंदीर, पाली, लहान साप शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की खूण शोधूनही सापडत नाही, सूज नाही, वेदनाही जवळपास नाही. काही तासांनी पोटात कळ येते, घसा दुखतो, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि अखेर श्वासाचे स्नायू थांबतात. घरच्यांना वाटते, रात्रीचे जेवण बाधले.

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि जवळपास निम्मे जून ते सप्टेंबरमधले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. प्रतिविष ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोचवण्याची चर्चा त्यानंतर वाढली, ती व्हायलाच हवी. पण रुग्णालय ही या गोष्टीची दुसरी पायरी. पहिली पायरी घरातच असते, आणि तिथे उजेडाला फार किंमत आहे. आपल्याकडचे प्रतिविष चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. मात्र जे चावले तो साप होता, हे त्याच क्षणी कळले तर माणूस पहाटेपर्यंत थांबत नाही, १०८ ला फोन करतो. अंधारात चावलेले ‘काहीतरी’ मुंगीच्या किंवा किड्याच्या खाती जमा होते.

साप नसला तरी ही पावले धोक्याची आहेतच. पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा. म्हातारपणी रात्री लघवीला उठावे लागते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर झोपेतून एकदम उभे राहिल्यावर दाब उतरतो, तोल जातो. त्यात डोळा. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. अंधारात आपण ज्या पेशींनी पाहतो त्यांना रंग कळत नाही, बारकावा दिसत नाही, आणि नजरेच्या अगदी मध्यावर तर त्या नसतातच. म्हणजे ज्या जागेकडे आपण रोखून पाहतो तीच अंधारात सर्वांत कमी दिसते. काळ्या अंगावर बारीक पांढरे पट्टे असलेली मण्यार शेणाने सारवलेल्या जमिनीवर अशा डोळ्यांना दिसेल ही आशा व्यर्थ. आणि खुब्याचे हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला सालेकसा, तिथून गोंदिया असे नेण्याचा खर्च कुटुंबाला वर्षभर पुरतो.

तेव्हा दिवा अंथरुणावरूनच लागला पाहिजे. त्यासाठी काय घ्यावे?

बाजारात तीन प्रकार आहेत. टीव्हीच्या रिमोटसारखा अवरक्त किरणांचा, रेडिओ लहरींचा आणि मोबाईलमधून वाय-फायवर चालणारा. तिसरा सर्वांत जास्त खपवला जातो आणि अशा गावांसाठी सर्वांत कमी कामाचा. घरात राउटर हवा, इंटरनेट हवे, आणि मध्यरात्री चष्म्याशिवाय मोबाईलमध्ये ॲप शोधायचे. पहिला स्वस्त, पण त्याचे किरण समोर दिव्याचा डोळा दिसत असेल तरच पोचतात, मध्ये भिंत किंवा पांघरूण आले की संपले. मधला, रेडिओ लहरींचा, हाच घ्यावा. तो बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर चालतो. या पट्ट्यात घरातल्या अल्प शक्तीच्या उपकरणांना आपल्याकडे परवाना लागत नाही. त्याची लहर सुमारे ७० सेंटीमीटर लांबीची असते. मातीची भिंत, लाकडी दार, मच्छरदाणी ती ओलांडते. पत्रा आणि लोखंडी कपाट मात्र तिला अडवतात, म्हणून रिसीव्हर कपाटामागे दडवू नये. विजेच्या लहरी भिंतीपलीकडे जाऊन घंटा वाजवू शकतात हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात जाहीर प्रयोग करून दाखवले होते. तत्त्व इतके जुने आहे. स्वस्त झाले ते आत्ता, काही शे रुपयांत.

या लहरींनी मेंदूवर परिणाम होतो का, असे कुणीतरी विचारतेच. रिमोटची शक्ती काही मिलिवॅट आणि तीही बटण दाबलेल्या क्षणापुरती. कानाला लावलेला मोबाईल याच्या कितीतरी पट शक्तीने आणि मिनिटेच्या मिनिटे लहरी सोडत असतो. या भीतीपोटी अंधारात चालणे हा वाईट सौदा आहे.

बसवणे अवघड नाही, पण एका ठिकाणी गाडी अडते. रिसीव्हरला स्वतः जागे राहायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. आपल्याकडे दिव्याच्या बटणापर्यंत बहुधा फक्त फेज उतरवलेली असते; न्यूट्रल वरच्या वर होल्डरला गेलेली असते. बोर्डात प्लगचे सॉकेट असेल तर न्यूट्रल तिथे मिळते आणि रिसीव्हर बोर्डामागे बसतो. नसेल तर तो वर, होल्डरच्या बाजूला बसवावा लागतो, आणि मग खालचे जुने बटण कायम चालू ठेवावे लागते. घरातल्या पोराने सवयीने ते बंद केले की रिमोट मुका. म्हणून शक्य असेल तिथे जुने बटण आणि रिमोट दोन्हींनी चालणारा रिसीव्हरच मागावा. हे काम मेन स्विच बंद करून, जाणत्या वायरमनकडून करून घ्यायचे आहे. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीत हात घालण्याची हौस नको. ज्यांना वायरला हात लावायचाच नाही त्यांच्यासाठी जुन्या होल्डरमध्ये बसणारा रिमोटचा होल्डर मिळतो, बल्ब त्यात लावायचा. घेताना तो रेडिओ लहरींचा आहे ना, एवढे पाहावे. रिमोटची ओळख करून देणे मिनिटभराचे काम: रिसीव्हरवरचे छोटे बटण दाबायचे, त्याचा दिवा लुकलुकला की रिमोटचे हवे ते बटण दाबायचे.

वायरमन घरात असतानाच एक गोष्ट पाहून घ्यावी. दिवा चालू ठेवून मेन बंद करावा आणि पुन्हा चालू करावा. काही रिसीव्हर वीज परतल्यावर दिवा लावतात, काही बंद ठेवतात, काही आधीची स्थिती लक्षात ठेवतात. लाइन वारंवार जाते तिथे हा शेवटचा प्रकार बरा, नाहीतर रात्री तीनला वीज आल्यावर सगळे घर झगमगून उठते.

रिमोट ठेवायचा कुठे? उशीखाली नको. तो घसरून खाली पडतो आणि अंधारात जमिनीवर चाचपडणारा हात हीच मण्यारीला हवी ती संधी. सुतळीने खाटेच्या माच्याला किंवा भिंतीतल्या खिळ्याला, झोपल्या झोपल्या हात पोचेल अशा उंचीवर टांगावा. वर अंधारात चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवावा. बटणे दोनच असलेला रिमोट सर्वांत चांगला. त्याचा सेल बदलायचे झाकण स्क्रूने बंद होणारे हवे, कारण काही रिमोटमध्ये बटणाएवढा सपाट सेल असतो. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजते. अशा वेळी उलटी काढण्याच्या फंदात न पडता थेट रुग्णालय गाठावे.

यावर एक रास्त आक्षेप आहे: रात्रभर झिरोचा बल्ब लावला तर रिमोट हवाच कशाला? जुना झिरोचा बल्ब नावापुरताच शून्य होता, १५ वॅट सहज खायचा. आताचा अर्ध्या वॅटचा एलईडी रोज दहा तास लावला तर एक युनिट दोनशे रात्री पुरते. तो जरूर लावावा. खाट कुठे, दार कुठे एवढे त्याने कळते. जमिनीवर काय आहे हे पाहायला मात्र पूर्ण उजेडच लागतो, आणि पूर्ण उजेडात रात्रभर झोपणे शरीराला मानवत नाही. पांढऱ्या-निळसर प्रकाशाने झोपेचे संप्रेरक दबते. म्हणून रिमोटवरचा दिवा पिवळसर निवडावा, आणि तो परत अंथरुणात आल्यावरच मालवावा. मध्येच मालवला तर दिपलेले डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे घेतात.

रिमोटची मर्यादा उघड आहे. लाइन गेली की रिसीव्हरही गेला. म्हणून त्याच खिळ्याला टॉर्च हवी, आणि टॉर्च असली तरी मच्छरदाणी हवी, तीही अंथरुणाखाली खोचलेली. ती डासांना अडवते तशी मण्यारीलाही. जमिनीपेक्षा खाट बरी. धानाची पोती झोपायच्या खोलीत नसावीत. यांतले काहीच न करता नुसता रिमोट टांगणे म्हणजे दार उघडे ठेवून खिडकीला कडी घालणे.

आणि खरे तर नव्या घरात रिमोटची गरजच पडू नये. जिन्यात आपण वर एक, खाली एक अशी दोन बटणे लावतो. तीच रचना दारापाशी एक आणि खाटेपाशी एक अशी करता येते. सेल नाही, रिसीव्हर नाही, लागते ती थोडी जास्तीची वायर आणि दोन टू-वे बटणे. घरकुलांच्या अंदाजपत्रकात हे दुसरे बटण आजच धरता येईल, ग्रामपंचायतींनी तसा आग्रह धरावा. आधी बांधलेल्या घरांसाठी रिमोट आहे, आणि ती घरे शोधायला वेगळ्या सर्वेक्षणाचा घाट नको. आशा ताई म्हाताऱ्या माणसांकडे जातातच. रक्तदाब आणि गोळ्या विचारून झाल्या की त्यांनी एवढेच विचारावे: आजी, झोपता कुठे, आणि तिथून दिव्याचे बटण किती पावलांवर आहे? पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात हा प्रश्न प्रत्येक घरात विचारून झाला तर रोवणीच्या आधी वायरमनच्या हाती गावाची यादी तयार असेल.