सॉस घरीच का करावा?

परवा हदगावच्या बाजारात दहा रुपयांना दोन किलो टोमॅटो मिळाले. विकणारा माझा जुना विद्यार्थी निघाला. म्हणाला, "गुरुजी, उरलेले परत न्यायलाबी परवडत नाही, इथंच टाकून जातो." मी आणखी दोन किलो घेतले.

मंडळी, ऑगस्ट २०२१ मध्ये भाव दोन-तीन रुपयांवर आला तेव्हा नाशिककडच्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. जुलै २०२३ मध्ये तेच शंभरीपार गेले. आपण मात्र दोन्ही वर्षी सॉसची बाटली विकतच आणली!

कृती सोपी आहे. टोमॅटो कांदा-लसणासोबत शिजवून, वाटून गाळायचे. रसात साखर, मीठ, तिखट आणि लवंग-दालचिनीची पुरचुंडी टाकून आटवायचे. ताटलीत थेंब टाकल्यावर भोवती पाणी सुटले नाही की झाला. शेवटी थोडे व्हिनेगर. कोरड्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा.

चार किलोंत दोनच बाटल्या भरल्या, गॅस जळाला तो वेगळा. याने शेतकऱ्याचे कर्ज फिटणार नाही, हे मलाही कळते. पण स्वस्ताईत प्रत्येक घराने दोन किलो जास्त घेतले, तर निदान त्याची पाटी रिकामी होईल.

नातवाला सॉस जरा आंबट लागला. असो, होईल सवय.