दुसरी पसंती ही कुणाची मिरास?

एकाच आईची दोन मुले, परंतु कायद्याच्या लेखी दोन प्रतींचे मतदार, असा आमच्या घरचा प्रकार आहे. थोरले बंधू कोरेगाव तालुक्यात शेती पाहतात, शिक्षण सातवीपर्यंत. मी पदवीधर, नोकरीपायी सांगलीकर झालेला. विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. तेथे मला जांभळ्या शाईचे पेन देतात आणि उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालू देतात. माझा पहिला उमेदवार मागे पडला, तर माझे मत दुसऱ्याच्या पदरात पडते. लोकसभेला मात्र दादांना एकच बटण! गेल्या दिवाळीत फराळ करता करता ते म्हणाले, "तुला तीन नंबर आणि मला एकच? माझी अक्कल तेवढी कमी पडली का रे?"

मजजवळ उत्तर नव्हते.

एका बटणाची पद्धत सोपी आहे, निकाल झटपट लागतो आणि प्रत्येक मतदारसंघाला आपला एक माणूस मिळतो, हे गुण मला मान्य आहेत. पण सर्वांत अधिक मते म्हणजे बहुमत नव्हे! २०१९ साली सांगलीत विजयी उमेदवाराला ५,०८,९९५ मते पडली. त्याच्या मागच्या दोघांना ३,४४,६४३ आणि ३,००,२३४. त्या दोघांची बेरीज विजेत्याहून सुमारे एक लाख छत्तीस हजारांनी अधिक भरते. त्या मतदारांची दुसरी पसंती कोण होती? विजेताच असेल कदाचित! पण त्यांना कुणी विचारलेच नाही. २०२४ साली साताऱ्यात ५,७१,१३४ विरुद्ध ५,३८,३६३ असा निकाल लागला. अंतर ३२,७७१ मतांचे. आणि तुतारीचे चिन्ह घेतलेल्या एका अपक्षाला मते ३७,०६२! पराभूत पक्षाचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. चिन्हांचा हा घोळ पसंतीच्या आकड्यांनी सुटणार नाही, हे खरे. परंतु या तिघांचीच मते धरली तरी विजेता निम्म्याला पोचत नाही, हेही खरे.

कुणी म्हणेल, मतदार शहाणा आहे. त्याच वर्षी सांगलीत त्याने आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला ६०,८६० मतांवर ठेवून अपक्ष विशाल पाटलांना लाखाच्या फरकाने निवडून दिलेच ना? दिले, पण त्यासाठी प्रत्येकाला शेजाऱ्याच्या मनाचा अदमास घ्यावा लागला. आपले मत देण्यापूर्वी दुसऱ्याचे ओळखावे लागते, हे कसले स्वातंत्र्य?

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, मतांच्या प्रमाणात पक्षांना जागा वाटा. न्यायाच्या दृष्टीने हे मोहक आहे. लहान पक्षांची मते त्यात फुकट जात नाहीत. परंतु इस्राएलमध्ये त्याच पद्धतीने २०१९ ते २०२२ या काळात पाच निवडणुका घ्याव्या लागल्या. शिवाय पक्षाच्या यादीतून आलेला खासदार माण-खटावच्या पाण्यासाठी कुणाला जबाबदार राहणार?

४ जानेवारी १९४९ रोजी घटना समितीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. मतदाराला निदान आकडे ओळखता आले पाहिजेत आणि सरकार स्थिर राहिले पाहिजे, ही त्यांची कारणे. १९५१ साली देशात साक्षरता सुमारे १८ टक्के होती. तेव्हा पहिले कारण बिनतोड होते. पण ज्या साताऱ्याच्या शाळेत १९०० साली बाबासाहेबांचे नाव दाखल झाले, त्या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत साक्षरता ८० टक्क्यांच्या पुढे गेली, सांगलीतही तसेच. उरले दुसरे कारण. ते यादीच्या पद्धतीला लागू पडते. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी पसंतीक्रमाने निवडण्याला नाही. ऑस्ट्रेलियाने १९१८ सालीच आपल्या कनिष्ठ सभागृहासाठी ती रीत स्वीकारली.

या रीतीत मोजणी लांबेल, यंत्रे बदलावी लागतील, लहान पक्षांना प्रमाणात जागाही मिळणार नाहीत. हे सारे पत्करूनही मी म्हणतो, मतदारसंघ आहेत तसेच ठेवा, पण लोकसभेला दादांनाही १, २, ३ लिहू द्या.

यंदा पाडव्याला दादांना सांगणार आहे, उणीव तुमच्या अकलेत नाही, मतपत्रिकेत आहे. ते विचारतील, "मग बदलत का नाहीत?" त्याचे उत्तर मात्र त्याच मतपत्रिकेवर निवडून आलेल्यांनी द्यावयाचे आहे.